दुसऱ्यांचे फोटो बघून फोटोग्राफी शिकायची, तर बघायचं नक्की काय?

"चांगले फोटो बघत राहा, नजर आपोआप तयार होते" हा सल्ला नवीन माणसाला सगळेच देतात आणि तो अर्धवट आहे. इन्स्टावर अंगठ्याने फोटो वर ढकलत बसून कुणाची नजर तयार झालेली मी तरी बघितली नाही. कमी फोटो बघा, पण असे बघा की फोटो काढणारा कुठे उभा होता, उजेड कुठून येत होता आणि शटर (कॅमेऱ्यात उजेड आत सोडणारा पडदा) किती वेळ उघडं होतं हे तुम्हाला सांगता आलं पाहिजे.

फोटो निवडणं सोपंय. एकच फोटोग्राफर धरा आणि महिनाभर सोडू नका. मी रघु राय सुचवेन, १९७७ मध्ये ते मॅग्नम या फोटोग्राफर्सच्या संस्थेत आले, तिथल्या साइटवर त्यांचं काम बघता येतं. मोबाइलपेक्षा मोठ्या स्क्रीनवर बघा, लायब्ररीत पुस्तक मिळालं तर सोन्याहून पिवळं.

आता जिथे सगळ्यांची गाडी अडते आणि माझीही बरेच दिवस अडली होती तो भाग, म्हणजे फोटोवरून उलटं मागे कॅमेऱ्यापर्यंत जाणं. कृपा करून आधी सेटिंग्ज शोधू नका. आकडे वाचले की डोकं काम करायचं थांबतं, आणि दुसऱ्याच्या उजेडातले आकडे तुमच्या उजेडात चालतही नाहीत.

आधी कॅमेऱ्याची उंची काढा. किनाऱ्यावरचा किंवा सपाट मैदानातला फोटो घ्या, क्षितिजाची रेघ उभ्या माणसांना जिथे कापते तेवढ्याच उंचीवर कॅमेरा होता. कमरेवर कापतेय म्हणजे फोटोग्राफर खाली बसलाय, सगळ्यांच्या डोक्यावरून जातेय म्हणजे कशावर तरी चढलाय. मग अंतर. मागचा डोंगर माणसाच्या पाठीला चिकटल्यासारखा मोठा दिसतोय ना, तर फोटोग्राफर त्या माणसापासून बराच लांब आहे. हे झूम लेन्समुळे होतं असं छातीठोक सांगणारे खूप भेटतील, त्यांचं ऐकू नका, ते अंतरामुळे होतं. एकाच जागेवरून वाइड आणि झूम असे दोन फोटो काढा आणि वाइडमधला तेवढाच तुकडा क्रॉप करून शेजारी ठेवा, पुढच्या-मागच्या गोष्टींचं प्रमाण तेच निघेल.

उजेडासाठी सावलीची कड बघा. धारदार कड म्हणजे उघडं ऊन किंवा छोटा दिवा, विरघळलेली कड म्हणजे ढगाळ हवा नाहीतर मोठी खिडकी. पोर्ट्रेट असेल तर डोळ्यातला चमकता ठिपका झूम करून बघा, तो ज्या बाजूला आहे तिकडूनच उजेड येतोय आणि खिडकीचा असेल तर बऱ्याचदा चौकोनी दिसतो.

शटर समजायला रघु राय यांचा १९९५ चा चर्चगेट स्टेशनचा फोटो घ्या. गर्दी धुरासारखी वाहतेय आणि तिच्या मधोमध पेपर वाचणारी माणसं स्पष्ट. स्टेशन हललेलं नाही, म्हणजे कॅमेरा स्थिर होता. चालणारे पुसले गेलेत म्हणजे शटर बराच वेळ उघडं होतं. आणि पेपर वाचणारे स्पष्ट आलेत कारण तेवढा वेळ ते हललेच नाहीत. पण खरी कमाल तंत्राची नाहीये, एवढ्या लोंढ्यात कोण थांबलंय हे आधी दिसायला लागतं, नुसतं शटर स्लो करून फक्त धूसर गर्दी मिळते.

मग तेच स्वतः करून बघा, त्याच जागी जायची गरज नाही, तुमच्या गावचा एसटी स्टँड चालेल. संध्याकाळी उजेड उतरल्यावर जा, भर दुपारी एवढं स्लो शटर ठेवलं तर फोटो पांढराफटक येतो. आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ते) १००, शटर १/४ सेकंद, फोनमध्ये प्रो मोड, म्हणजे हे आकडे स्वतः ठरवायची सोय, असेल तर तिथेही जमतं. ट्रायपॉड नको, कठड्यावर किंवा बाकाच्या पाठीवर टेकवा आणि २ सेकंदांचा टायमर लावा. एकच थांबलेला माणूस निवडून त्याच्यावरच टिकून राहा. स्पष्ट यायला हवा तो माणूसही हलला तर १/८ करा, चालणारे नीट ओळखू येत असतील तर १/२.

घरी आल्यावर राय यांचा आणि तुमचा असे दोन्ही फोटो शेजारी ठेवा आणि परत तेच तीन प्रश्न तुमच्या फोटोला विचारा.