घरच्या घरी अर्क काढायचाय? कुकर, तांब्याची नळी आणि पाव किलो गावठी गुलाब

डिस्टिलेशनचा, म्हणजे वाफेने अर्क काढण्याचा छंद आहे असं कुणाला सांगितलं की समोरचा आधी हेच विचारतो, म्हणजे घरी दारू गाळता की काय. नाही, दारू नाही. मी पुण्यात कोथरूडच्या फ्लॅटमध्ये गुलाबपाणी काढते, गवती चहाचं तेल काढते, उन्हाळ्यात वाळ्याचा अर्क काढते, आणि ज्यांना ज्यांना ही वाफेची गंमत शिकायची आहे त्यांनी इथूनच सुरुवात करावी असं मला अगदी मनापासून वाटतं.

दारूचा विषय आधी संपवते कारण विचारणारे खूप असतात. आपल्याकडे १९४९ चा महाराष्ट्र दारूबंदी कायदा आहे, त्यात परवान्याशिवाय दारू गाळणं गुन्हा आहेच, पण गाळण्यासाठी भांडी-यंत्र बाळगणं हाही गुन्हा आहे, त्यामुळे 'स्वतःपुरती काढतो, विकत नाही' हे चालत नाही. दुसरं म्हणजे जीव. मिथेनॉल ६४.७ अंशांना उकळतं आणि इथेनॉल ७८.४ ला, म्हणून पहिली धार फेकली की विष गेलं असं लोक समजतात, पण दोन्ही एकमेकांत मिसळलेले असतात आणि वाफेतही मिसळूनच येतात, थर्मामीटर बघून ते सुटे होत नाहीत. २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला मिथेनॉलमिश्रित दारूने शंभरावर माणसं गेली. आणि बंद स्वयंपाकघरात गॅसच्या ज्योतीशेजारी अल्कोहोलची वाफ गळाली तर काय होईल ते वेगळं सांगायला नको. दारूचं गाळप डोळ्यांनी बघायचंच असेल तर काजूच्या हंगामात, मार्च ते मे, गोव्याला जाऊन परवानाधारक भट्टी बघा, पहिल्या गाळपाचा उर्राक आणि त्यानंतरची फेणी यातला फरक तिथे उभं राहून चांगला समजतो. फेणीला २००९ पासून जीआय (भौगोलिक) मानांकन आहे.

आता आपलं काम.

यामागचं शास्त्र छोटं आहे पण भारी आहे. फुलापानांतला वास म्हणजे बारीक बारीक तेलकट द्रव्यं. गवती चहाचा वास ज्यामुळे येतो ते सिट्रल एकटं उकळायला २२० अंशांच्या पुढे जावं लागतं. पण पाण्याबरोबर तापवलं की दोघांच्या वाफांचा दाब एकत्र धरला जातो आणि ते तेल शंभराच्या आतच वाफेबरोबर वर येतं, म्हणजे न जळता, न करपता. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच, त्यामुळे आपल्याकडे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. वाफ वर आली, थंड केली, थेंब झाले, संपलं. कनौजचे अत्तरवाले याच तत्त्वावर तांब्याची देग (उकळायचं भांडं), बांबूचा चोंगा (वाफेची नळी) आणि खाली पाण्यात ठेवलेला भपका (अर्क जमा होण्याचं भांडं) वापरतात, देगीचं तोंड मातीने लिंपून घेतात. आपण कुकर वापरायचा, बस.

पण कुकरच्याही आधी एकदा पातेल्यात करून बघा, एक रुपयाचाही खर्च नाही. जाड बुडाच्या पातेल्यात मधोमध एक छोटी वाटी उपडी ठेवा, तिच्यावर एक रिकामी वाटी सुलटी. भोवती पाकळ्या आणि त्या जेमतेम बुडतील एवढं पाणी. पातेल्यावर झाकण उलटं ठेवायचं म्हणजे त्याची मूठ आत, बरोब्बर वाटीच्या वर येईल. कडेच्या फटीला कणकेची वळी दाबून लावा. झाकणाच्या खोलगट भागात बर्फ. गॅस एकदम बारीक. आतली वाफ थंड झाकणाला लागते, थेंब घरंगळत मुठीपाशी येतो आणि वाटीत टपकतो. बर्फ वितळला की पाणी स्टीलच्या डावाने काढून पुन्हा बर्फ घालायचा. वीस-पंचवीस मिनिटांत अर्धी वाटी गुलाबपाणी मिळतं, आणि ते पहिल्यांदा हुंगताना जे वाटतं ना, त्यासाठी तरी हे करून बघा.

यात मजा आली तर मग कुकर. पाच लिटरचा स्टीलचा घ्या, ॲल्युमिनियमचा नको. सेफ्टी व्हॉल्व्ह नवीन बसवा आणि झाकणाची रबरी रिंगही नवीनच घ्या, यावर मी अडून बसते कारण माझा पहिला घाणा रिंगेमुळेच वाया गेला. रोजच्या वापरातला कुकर घासूनपुसून घेतला होता, फुलं उत्तम होती, सगळं नीट केलं, आणि बाटलीत आलं ते हिंगाचा वास असलेलं गुलाबपाणी. रबर वरणाचा वास धरून ठेवतं आणि गरम वाफ तो सगळा सोडवून घेते. तेव्हापासून अर्काचा कुकर वेगळा, त्यात डाळ कधीही लागत नाही.

शिट्टी काढून टाकायची आणि ती बसते त्या नळीवर फूडग्रेड सिलिकॉनचा छोटा तुकडा घट्ट बसवून पुढे तांब्याची नळी जोडायची. एसी दुरुस्तीवाले वापरतात ती तीन सुती (३/८ इंची) नळी चालते, तीन मीटर पुरे. नेहमीची प्लास्टिकची पाईप अजिबात नको, गरम वाफेत तिचा वास उतरतो, आणि तांब्याच्या जोडाला शिशाचं डाग देणं तर नकोच. ही नळी वाकवताना चेपते, तर युक्ती अशी की आधी तिच्यात बारीक कोरडं मीठ गच्च भरा, दोन्ही टोकं टेपने बंद करा, मग चार इंची पीव्हीसी पाईपभोवती सावकाश गुंडाळा. छान वेटोळं तयार होतं, मग पाणी सोडून मीठ धुवून काढा. वेटोळं बादलीत बसवून खालचं टोक बादलीच्या बुडाजवळ भोक पाडून बाहेर काढायचं आणि भोक सिलिकॉनने बुजवायचं. नळ्या, वॉशर, बाकीचं फुटकळ सामान मी बोहरी आळीतून आणलं. ज्यांना पुढे जाऊन खरंच तांब्याचं भांडं हवंय त्यांनी कसब्यातल्या तांबट आळीत एक चक्कर मारावी, हातोडीच्या ठोक्यांनी पत्रा गोल होताना बघणं हाच एक अनुभव आहे, पण पहिल्या वर्षी तेवढा खर्च करू नका.

एक गोष्ट जीवावरची आहे म्हणून नीट वाचा. वाफेची वाट कुठेही अडता कामा नये. नळीला तोटी लावायची नाही, बाटलीचं तोंड नळीभोवती बंद करायचं नाही, आणि कुकर अर्ध्याच्या वर भरायचा नाही, कारण एखादी पाकळी उकळीबरोबर वर येऊन भोकाला चिकटली तर आत दाब तयार होतो. मी पाकळ्या मलमलच्या कापडात सैल पुरचुंडी बांधून टाकते. थेंब पडायचे थांबले आणि खाली गॅस चालू आहे असं दिसलं तर आधी गॅस बंद करा, कुकर पूर्ण गार होऊ द्या, मगच हात लावा. आणि काम चालू असताना ओटा सोडून फोनवर बोलायला जायचं नाही.

सामान जोडून झालं की पहिली फेरी नुसत्या पाण्याची. नळीतली धूळ, तेल, कारखान्याचा वास सगळं निघून जातं. ते पाणी फेकून द्या.

आता फुलं. मार्केट यार्डच्या फूलबाजारात पहाटे गेलात तर गुलाबांचे ढीग दिसतात, पण ते लांब दांड्याचे टपोरे गुलाब आपल्या कामाचे नाहीत, दिसायला सुंदर आणि वासाला शून्य. गुलकंदाला वापरतात तो गावठी गुलाब लागतो, फिकट गुलाबी, पाकळी पातळ, हातात घेतला की वास येतो. दुसरी अडचण फवारणीची. हारासाठी विकलेलं फूल खाण्यासाठी किंवा चेहऱ्यासाठी पिकवलेलं नसतं, म्हणून ज्याच्या झाडाची खात्री आहे तिथूनच घ्या. माझ्या गच्चीत सहा कुंड्या आहेत आणि नणंदेच्या बंगल्यातल्या चार झाडांचीही फुलं मिळतात. फुलं सकाळी ऊन चढायच्या आत तोडायची, उन्हं आली की वास हवेत उडून जायला लागतो. डिसेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात चांगला काळ, पावसाळ्यातली फुलं पाणचट.

पाव किलो पाकळ्या, दीड लिटर पाणी. पाणी आरओचं किंवा उकळून गार केलेलं घ्या, नळाच्या पाण्यातला क्लोरीनचा वास अर्कात येतो. गुलाबाची पाकळी पाण्यातच टाकायची, वर जाळीवर ठेवून नुसती वाफ दिली तर पाकळ्या एकमेकींना चिकटून गोळा होतो आणि वाफ कडेकडेने निघून जाते.

गॅस लहान बर्नरवर, एकदम सिम, आणि कुकरखाली जुना लोखंडी तवा ठेवा म्हणजे आच पसरते. माझ्या मते सगळं कौशल्य इथे आहे. सेकंदाला दोन थेंब, यापेक्षा जास्त नाही. धार लागली म्हणजे आच जास्त झाली, नळीच्या तोंडातून वाफ दिसली म्हणजे वास हवेत चालला. आपल्याला घाई असते, कुकर म्हणजे दहा मिनिटांत काम अशी सवय असते, ती सोडावी लागते. या वेगाने साडेतीनशे मिली व्हायला तास लागतो आणि तो तास द्यायचाच.

त्या तासात बादलीकडे लक्ष ठेवा. वाफेचं पाणी होताना ती प्रचंड उष्णता सोडते, अर्धा लिटर अर्क निघेपर्यंत दहा लिटरच्या बादलीतलं पाणी जवळजवळ तीस अंशांनी तापतं. गरम पाणी वर राहतं, म्हणून वरून मग्ग्याने काढायचं आणि थंड पाणी नळी घालून तळाशी सोडायचं. एप्रिलमध्ये आपल्या टाकीतलं पाणीच कोमट असतं, तेव्हा बर्फाच्या दोन पिशव्या लागतात.

थांबायचं कधी हे नाक सांगतं. मी शंभर-शंभर मिलीच्या तीन-चार स्वच्छ बाटल्या रांगेत ठेवते आणि बदलत जाते. पहिल्या बाटलीत वास तीव्र, जरा टोचणारा. दुसरी सगळ्यात सुंदर, गोलसर, मधासारखी. तिसरी हलकी. त्यानंतर एका क्षणी उकडलेल्या पालेभाजीसारखा वास यायला लागतो, तिथे गॅस बंद. पहिल्या तीन एकत्र करा, चौथीचं पाणी झाडांना. अजून पाणी शिल्लक आहे म्हणून काढत राहिलात तर आधीचं चांगलंही पातळ करून बसाल.

वर तेलाचा तवंग दिसला नाही म्हणून नाराज होऊ नका. एक किलो गुलाबतेलाला तीन-चार टन पाकळ्या लागतात, आपल्या पाव किलोत काय दिसणार. पण गुलाबाच्या वासातला एक मोठा घटक, फिनाइल इथाइल अल्कोहोल, पाण्यात विरघळतो, तो तेलापेक्षा पाण्यातच राहतो, म्हणून तर गुलाबपाणी इतकं वासाचं होतं.

बाटल्या काचेच्या, उकळत्या पाण्यातून काढून पूर्ण वाळवलेल्या, शक्यतो गडद रंगाच्या. तारीख लिहा, फ्रीजमध्ये ठेवा, दोन-तीन महिन्यांत संपवा. गढूळ झालं किंवा आत तंतू दिसले तर विचार न करता ओतून द्या. आणि घरातल्या मोठ्या माणसांना आधीच सांगून ठेवा, हे डोळ्यांत घालायचं नाही. आमच्या सासूबाई उन्हाळ्यात डोळ्यांवर गुलाबपाण्याच्या घड्या ठेवायच्या, त्यांना समजावायला मला वेळ लागला, पण घरातला अर्क निर्जंतुक नसतो आणि डोळा ही प्रयोगाची जागा नाही.

तेल डोळ्यांनी बघायचंच असेल तर दुसऱ्या रविवारी गवती चहा लावा. एक किलो ओली पात सावलीत दिवसभर सुकवून इंच-इंच कापायची. ही पाण्यात नाही, आत भोकांची ताटली ठेवून तिच्यावर, खाली पाणी. पाच लिटरच्या कुकरात एका वेळी थोडीच मावते म्हणून तीन-चार घाणे करावे लागतात. उंच, अरुंद तोंडाच्या बाटलीत अर्क धरा आणि हलवू नका. तासाभराने उजेडासमोर धरलंत की वरती फिकट पिवळी कडी दिसते, किलोभर पातीचं मिळून दोन-तीन मिली तेल, काचेच्या ड्रॉपरने अलगद ओढून घ्यायचं. हे नुसतं अंगाला लावायचं नाही, भाजल्यासारखं होतं, खोबरेल किंवा तिळाच्या तेलात चार थेंब. खालचं पाणी फरशी पुसायच्या बादलीत टाका, माश्या कमी होतात असा माझा अनुभव आहे.

वाळा मात्र चिकाटीचं काम आहे. मुळं रात्रभर भिजत घालायची, आणि तेल सुटायला इतके तास लागतात की घरी त्याच्या नादी लागू नये, दोन तासांत मातीचा, पहिल्या पावसाचा वास असलेलं पाणी मिळतं ते माठात दोन चमचे घाला.

आणि काढल्याकाढल्या वास घेऊन निकाल लावू नका. ताज्या अर्काला भांड्याचा, जरा शिजल्यासारखा वास असतोच. बाटलीच्या तोंडाला स्वच्छ फडकं बांधून ती एक रात्र तशीच ठेवा, मग बूच लावून आठ दिवस फ्रीजमध्ये विसरून जा. नवव्या दिवशी उघडा.