ओठ आणि गाणे जुळत नव्हते : माझा अनुभव

रत्नागिरीच्या भाट्ये किनाऱ्यावर आम्ही विद्यार्थ्यांनी आमच्या रॉक गाण्याचा व्हिडिओ मोबाइलवर चित्रित केला. संकलन करताना असे दिसले की, पहिल्या कडव्यात गायकाचे ओठ गाण्याशी अचूक जुळतात, मात्र शेवटच्या ध्रुवपदापर्यंत मागे पडतात. क्लिप सरकवली की शेवट जुळे आणि सुरुवात बिघडे. या खटाटोपात दोन रात्री वाया गेल्या.

मूळ कारण असे की, मोबाइल प्रकाशानुसार फ्रेमरेट (म्हणजे दर सेकंदाला टिपल्या जाणाऱ्या फ्रेमची, अर्थात स्थिर चित्रांची, संख्या) कमी-जास्त करतो आणि संकलनाचे सॉफ्टवेअर तो स्थिर धरून चालते. म्हणून प्रथम प्रकल्पातील सर्व क्लिप काढून टाकल्या. मग प्रत्येक मूळ फाइल हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडून, ‘व्हिडिओ’ टॅबमध्ये फ्रेमरेट ३० आणि त्याखाली ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ निवडून नवी फाइल तयार केली. प्रकल्पाचा फ्रेमरेटही ३० ठेवून नव्या फाइली आत घेतल्या आणि गायकाने सुरुवातीला वाजवलेल्या टाळीवर गाणे जुळवले.

तरीही सुरूच्या बनातून घेतलेली दूरची दृश्ये सुरुवातीपासूनच तीन फ्रेम चुकत होती. गाणे वाजवणारा स्पीकर गायकाच्या पायाशी होता, मोबाइल सुमारे ३४ मीटरवर. तेवढे अंतर कापायला आवाजाला एक दशांश सेकंद लागतो. तिथे टाळीचा आवाज न धरता, तळवे एकमेकांना टेकतात ती फ्रेम धरली. लाटांच्या गाजेत तो आवाज तसाही धड ऐकू येत नव्हता.