दिवाळीत फटाक्यांच्या आधी स्वयंपाकघर आणि बाथरूम सांभाळा

दिवाळी आली की सुरक्षेच्या नावाने सगळे फटाक्यांवरच घसरतात. त्यात चूक काही नाही, पण माझं म्हणणं असंय की फटाके उडवताना निदान चार मोठी माणसं आजूबाजूला उभी असतात, 'अरे लांब हो, लांब हो' असं ओरडत असतात, त्यामुळे पोरंही जरा बिचकून असतात. खरी गडबड होते ती जिथे कोणाचं लक्ष नसतं तिथे, म्हणजे रात्री उशिरा चकलीचा शेवटचा घाणा काढताना, पहाटे एकामागोमाग आंघोळी उरकताना, नाहीतर समई तशीच तेवत ठेवून सगळे खाली शेजाऱ्यांचं पाऊस-भुईचक्र बघायला गेलेले असताना. म्हणून आधी घरातलं बघू.

सुरुवात फराळापासून. कढईला हात लावायच्या आधी एक गोष्ट ठरवा, घरी काय करायचं आणि विकत काय आणायचं. चकली, कडबोळी, करंज्या, अनारसे, शेव, चिवडा, दोन प्रकारचे लाडू, शंकरपाळे, हे सगळं एकाच बाईने ऑफिस, स्वयंपाक आणि घरची साफसफाई सांभाळून आठवड्यात करायचं, आणि मग रात्री डोळ्यांवर झोप असताना ती उकळत्या तेलासमोर उभी, हे कौतुक करण्यासारखं नाहीये हो, हे धोकादायक आहे. तळणीचे दोन पदार्थ बचत गटाकडून नाहीतर ओळखीतल्या काकूंकडून मागवा, काही बिघडत नाही. लाडू-चिवडा घरी करा. आणि जे तळायचं ते दिवसा, घरात दुसरं मोठं माणूस असताना. सोऱ्या फिरवायला आणि लाडू वळायला घरातल्या पुरुषांचे हात पण चालतात, मी बघितलंय.

तळताना कढई मागच्या बर्नरवर ठेवा, तेल अर्ध्या कढईच्या वर नको, झारा कोरडा हवा. करंजीची कड नीट दाबली गेली नाही की ती तेलात उघडते, सारण बाहेर येतं, जळतं आणि तेल तडतडायला लागतं, म्हणून कडेला दुधाचं बोट फिरवून घट्ट दाबा, मगच कातण फिरवा. अनारशाचं वेगळंच. तो हसला म्हणजे तुपात पसरून त्याचा भुगा झाला की माणूस घाईघाईने तो गोळा करायला जातं आणि नेमकं तेव्हाच हातावर उडतं. आधी एकच अनारसा टाकून बघा, हसला तर पिठात थोडी तांदळाची पिठी मळून घ्या. खसखशीची बाजू वर ठेवायची, उलटायचा नाही, वरून तूप उडवायचं, पण त्यासाठी लांब दांड्याचा झारा घ्या, चमचा नको.

तेलातून धूर यायला लागला तर लगेच गॅस बंद. आणि कढईने पेट घेतलाच तर पाणी ओतायचं नाही. पाणी जड, ते तेलाच्या खाली जातं, तिथे क्षणात वाफ होते आणि ती वाफ पेटलेलं तेल अख्ख्या ओट्यावर उडवते. गॅस बंद करायचा, वर झाकण किंवा मोठी परात सरकवायची आणि गार होईपर्यंत उघडून बघायचं नाही. पेटलेली कढई उचलून बाहेर न्यायचा तर विचारसुद्धा नको. झाकण आधीपासून ओट्यावर असू दे, आयत्या वेळी ट्रॉलीत शोधत बसाल. गॅसचा वास आला तर १९०६, हा एलपीजीचा इमर्जन्सी नंबर आहे. फोन घराबाहेर येऊन करायचा आणि लाइटच्या बटणांना हात लावायचा नाही.

भाजलं तर नळाचं साधं वाहतं पाणी, तेही २० मिनिटं, घड्याळ लावून, कारण दोन मिनिटांत आपल्याला वाटतं झालं आता. सूज यायच्या आत अंगठी आणि बांगड्या काढा. टूथपेस्ट, हळद, तूप, बर्फ यातलं काहीही लावू नका, फोड फोडू नका. चेहरा, हात, सांधा भाजला असेल, नाहीतर लहान मूल असेल तर पाणी लावून झाल्यावर सरळ डॉक्टर.

आता बाथरूम, आणि हे जरा नीट वाचा कारण याबद्दल कोणी फार बोलत नाही. नरकचतुर्दशीच्या पहाटे घरात पाच-सहा माणसं, त्यात माहेरवाशिणी आणि त्यांची पोरं, सगळ्यांना अभ्यंगस्नान सूर्य उगवायच्या आत हवं, गारवा असतो म्हणून खिडकी गच्च बंद आणि गॅस गिझर बाथरूमच्या आतच बसवलेला. असा गिझर बंद जागेत सलग चालला की हवेतला ऑक्सिजन कमी होतो, गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग ना वास. सिलेंडर लीक झाला तर निदान नाकाला कळतं, इथे काहीच कळत नाही. डोकं जड होतं, मळमळतं, चक्कर येते आणि माणूस तिथेच पडतं, कडी आतून लावलेली.

उपाय अगदी सोपा आहे. गॅस गिझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवून घ्या. दिवाळीच्या आत ते होणार नसेल तर दार-खिडकी उघडी ठेवून बादली भरा, गिझर बंद करा आणि मग आत जा. शॉवर चालू ठेवून अर्धा तास गाणी म्हणायची नाहीत. दोन आंघोळींमध्ये दहा-पंधरा मिनिटं खिडकी सताड उघडी. बाहेरच्यांनी अधूनमधून हाक मारायची, आणि ओ आली नाही तर लाजायचं नाही, दार तोडायचं, गिझर बंद, माणसाला मोकळ्या हवेत आणायचं आणि १०८ ला फोन. विजेच्या गिझरला हा प्रॉब्लेम नाही, पण त्याचं अर्थिंग एकदा इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या.

त्याच बाथरूममध्ये त्या दिवशी फरशीवर तेल आणि उटणं सांडलेलं असतं. आजी-आजोबांना पाटावरून उठताना हात द्या, आणि कारीट फोडायची पद्धत असेल तर एका पायावर तोल सांभाळत अंगठ्याने फोडताना त्यांना कोणाचा तरी खांदा धरू दे. लहान बाळाला नवीन उटणं लावायच्या आधी आदल्या दिवशी मनगटावर थोडंसं लावून बघा.

लायटिंगचं बघा. आपल्याकडे दिवाळीत परतीचा पाऊस कधी टपकेल सांगता येत नाही, आणि आकाशकंदिलाची वायर आपण खिडकीतून काढतो, मध्ये जॉइंट मारतो, वर काळी टेप, आणि सगळं लोखंडी ग्रिलला बांधतो. पावसात जॉइंट भिजला की करंट ग्रिलमध्ये. जॉइंट घराच्या आत ठेवा, बाहेर सलग वायर जाऊ दे, आणि स्लायडिंग खिडकी त्या वायरवर ओढून बंद करू नका, खालची वायर सोलली जाते. कागदी कंदिलात एलईडीच लावा, जुना पिवळा बल्ब तापतो. घरात आरसीसीबी नसेल तर या निमित्ताने बसवून घ्या. तीस मिलीअँपियरचा घ्या. शॉक लागला तर तो क्षणात लाइन तोडतो.

पणत्यांचं एकच, उंबऱ्याच्या अगदी मध्ये नको. भाऊबीजेला येणाऱ्या प्रत्येकीचा पदर नाहीतर ओढणी तिथूनच जाते. बाजूला ठेवा, रांगोळीच्या पलीकडच्या कडेला. आणि लक्ष्मीपूजनानंतर सगळ्यांनीच खाली जायचं असेल तर एक माणूस घरात थांबवा, नाहीतर समई पडद्यापासून लांब, मोठ्या ताटात ठेवून जा.

मग फटाके. मला स्वतःला आवाजी फटाका बिलकुल आवडत नाही, पण उपदेश करत नाही. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये दिवाळीला रात्री ८ ते १० ही वेळ दिली, फटाक्यांच्या लांब माळांवर बंदी घातली आणि कमी प्रदूषणाचे हिरवे फटाकेच विकायला सांगितले. हे फटाके नागपूरच्या नीरी या सरकारी पर्यावरण संशोधन संस्थेने विकसित केलेत, बॉक्सवर क्यूआर कोड असतो, घेताना स्कॅन करून बघा. हिरवे म्हणजे धूर नाहीच असं नव्हे हां, कमी असतो इतकंच. फुलबाजीला आपण उगाच साधी समजतो आणि तीन वर्षांच्या पोराच्या हातात देतो, तिच्या टोकाला हजार डिग्रीच्या घरात तापमान असतं, आणि विझल्यावरची लाल तार तर अनवाणी पायाखाली येतेच येते. पाण्याची बादली शेजारी ठेवा, प्रत्येक तार त्यात. सुती कपडे, पायात बूट. न फुटलेल्या बॉम्बवर वाकून बघायचं नाही, थोडं थांबून लांबून पाणी ओतायचं.

आणि ती कार्बाइडची पाइप-बंदूक, म्हणजे पाइपमध्ये कार्बाइडची पावडर आणि पाणी घालून बार काढतात ती, घरात नकोच. २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात तिच्यामुळे कितीतरी पोरांच्या डोळ्यांना इजा झाली, काहींची दृष्टी गेली. पेटली नाही म्हणून पोरं आत डोकावतात आणि नेमकी तेव्हाच ती फुटते. डोळ्यात पावडर गेली तर भरपूर पाण्याने धुवा, चोळू नका आणि लगेच डोळ्यांचा डॉक्टर.

आता किल्ला. किल्ल्यासाठी पोरं परसातले दगड-विटा उचलतात आणि पावसाळ्यानंतर त्याखाली विंचू असू शकतो, कोकणात तर खासच. दगड आधी काठीने उलटा, मग उचला, हात सरळ फटीत घालू नका. लाल विंचू चावला तर लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतं, मांत्रिक-बिंत्रिक न करता तडक दवाखाना. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी यावर प्राझोसिन हे औषध वापरून कितीतरी जीव वाचवलेत, पण औषध वेळेत मिळायला तुम्ही वेळेत पोचायला हवं ना. बाकी हळीव पेरा, मावळे मांडा, मजा करा.

खरेदीचं थोडक्यात. धनत्रयोदशीला सोनं घेताना दागिन्यावर बीआयएसचा शिक्का, शुद्धता आणि सहा अक्षर-अंकी एचयूआयडी हे तिन्ही बघा, तो नंबर बीआयएस केअर ॲपवर टाकला की खरं-खोटं कळतं. पैसे मिळवण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही, त्यामुळे 'दिवाळी कॅशबॅक घ्या, पिन टाका' म्हणणारा चोरच. व्हॉट्सॲपवर 'शुभ दिपावली' नावाची एपीके फाइल, म्हणजे उघडली की फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल, आली तर ती उघडायची नाही, मग ती सख्ख्या मामाच्या नंबरवरून का आलेली असेना. पैसे गेलेच तर तासाभरात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, सकाळपर्यंत थांबू नका.

गावी जाणार असाल तर रेल्वेचं बुकिंग आता ६० दिवस आधी उघडतं, तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. खाजगी बसवाल्यांना एसटीच्या भाड्याच्या दीडपटीवर घेता येत नाही असा राज्याचा २०१८ चा नियम आहे, प्रत्यक्षात काय होतं ते आपण सगळे जाणतो, तरी तिकिटाचा फोटो ठेवा आणि आरटीओकडे तक्रार करा. भाच्यांसाठी फटाके ट्रेनमधून नेऊ नका, रेल्वे कायद्यात त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे, आणि भरलेल्या डब्यात ठिणगी पडली तर काय होईल ते वेगळं सांगायला नको. तिकडेच घ्या. गाडी चालवणाऱ्याला आदल्या रात्री फराळाच्या डब्यांच्या कामाला लावू नका, झोपू दे, घाटात पहाटेची पेंग फार वाईट.

निघताना सिलेंडरचा रेग्युलेटर बंद, गिझर बंद, कंदिलाचं बटण बंद, पेपर-दूध बंद. शेजारच्या काकांना सांगून जा, स्टेटसला मात्र 'चाललो गावाला' नको, फोटो परत आल्यावर टाका. आणि ओल्या नारळाच्या करंज्या राहिल्या असतील तर त्या सरळ त्याच काकांना देऊन टाका, तुम्ही परत येईपर्यंत काही टिकत नाहीत त्या.