सर जॉन सोन यांचं घर बघायला जाताय? या चुका टाळा

लंडनमधल्या लिंकन्स इन फील्ड्सवरचं १३ नंबरचं हे घर वास्तुकार सर जॉन सोन यांचं, आता ते संग्रहालय आहे. रोमन शिल्पांचे तुकडे, इजिप्तची शवपेटी, चित्रं, प्लास्टरच्या प्रतिकृती असं काय काय त्यात खच्चून भरलंय. आपल्या पश्चात घर होतं तसंच राहावं म्हणून त्यांनी १८३३ मध्ये संसदेचा कायदाच करून घेतला. त्यामुळे बहुतेक वस्तूंशेजारी माहितीच्या पाट्या नाहीत. त्या शोधत फिरू नका, कर्मचाऱ्यांना विचारा.

सगळ्यात जास्त फसतात ते पिक्चर रूममध्ये. खोली जेमतेम चार मीटर लांब-रुंद. लोक आत येतात, अठराव्या शतकातल्या हॉगार्थ या इंग्रज चित्रकाराची चित्रं ओळखतात, एकदा मान फिरवतात आणि ‘झालं बघून’ म्हणत निघतात. पण इथल्या भिंती म्हणजे बिजागऱ्यांवरच्या मोठाल्या फळ्या आहेत. त्या उघडल्या की आत चित्रांचा आणखी एक थर लागतो, म्हणून तर एवढ्याशा जागेत शंभरावर चित्रं मावली. दक्षिणेकडच्या फळ्या पूर्ण उघडल्यावर तर भिंतच उरत नाही: समोर शिल्पकार वेस्टमॅकॉटने घडवलेला अप्सरेचा पुतळा आणि खाली मंक्स पार्लर, म्हणजे मठातल्या साधूची वाटावी अशी सजवलेली खोली. फळ्या कर्मचारीच उघडतात, तेही अधूनमधून. घाईवाले दाराबाहेर पडतात आणि त्यांच्या पाठीमागे भिंत उघडते. परत वळावं तर आत गर्दी. खोलीत शिरल्याशिरल्या ‘पुढच्या वेळी कधी उघडणार?’ एवढं विचारा आणि थांबा. फळीला स्वतः हात लावायचा नाही, हे खरं तर सांगावं लागू नये.

दुसरी चूक उजेडाची. या घराची सगळी मजा छतातून झिरपणाऱ्या प्रकाशात आहे: पिवळ्या काचा, न्याहारीच्या खोलीतले बहिर्गोल आरसे. डिसेंबरात लंडनला चारच्या आत सूर्य मावळतो. तेव्हा उशिरा जाऊन ‘अंधारच आहे’ म्हणणाऱ्यांना काय सांगणार! दुपारी बाराच्या सुमारास जावं.

सोमवार-मंगळवारी घर बंद. प्रवेश फुकट आहे, पण म्हणून अर्ध्या तासात उरकू नका. मोठी बॅग आणूच नका. वाटा अरुंद आहेत आणि प्रत्येक कोपऱ्यावर काहीतरी फुटण्याजोगं आहे.

तळघरात सेती पहिला या फॅरोची, म्हणजे प्राचीन इजिप्तच्या राजाची, शवपेटी आहे. ब्रिटिश म्युझियमने नाकारल्यावर सोन यांनी ती १८२४ मध्ये २००० पौंडांना घेतली. फोटो काढून पुढे पळू नका. वाकून काचेतून आत बघा, तळावर नूट ही इजिप्तची आकाशदेवी कोरलेली आहे.