यामाहाची जुनी आरएक्स100 मोटरसायकल मातीत पळवताय? कार्बोरेटर उघडण्याआधीच्या आणि उघडल्यानंतरच्या या चुका टाळा

"काका, कार्बोरेटर साफ केलाय, तरी मिस मारतेय." हे ऐकलं की मी आधी फ्लोटच्या वाटीचे, म्हणजे कार्बोरेटरच्या तळाशी पेट्रोल साठतं त्या भांड्याचे, स्क्रू बघतो. चारही डोकी झिजून गोल झालेली असली, की गाडीचा निम्मा इतिहास कळतो. ते स्क्रू जपानी मापाचे असतात. आपला रोजचा फुलीचा स्क्रू ड्रायव्हर त्यात नीट बसत नाही, घसरतो आणि खाच खातो. माझ्या गाडीला मी कधीच अ‍ॅलन बोल्ट (सहाकोनी खाचेचे) टाकून मोकळा झालो.

आरएक्स100 निघाली 1985 ते 1996 या काळात. म्हणजे त्यातली सगळ्यात लहान गाडीसुद्धा आता तिशीला टेकली. तिचे मडगार्ड उतरवायचे, बटन टायर चढवायचे, मागचं स्प्रॉकेट मोठं करायचं आणि मातीत सोडायची, ही हौस मला समजते. मीही केलीय. पण इंजिनाने जरा कुरकुर केली की पहिला संशय कार्बोरेटरवर, कारण तो बाहेर दिसतो आणि पाच मिनिटांत हातात येतो. क्रँकचं सील, म्हणजे इंजिनातल्या फिरत्या दांड्याभोवती हवा अडवणारी रबरी कडी, दिसत नाही, म्हणून त्याच्यावर कोणी आळ घेत नाही.

उघडण्याआधी एक काम करा. अ‍ॅक्सिलरेटरच्या मुठीवर पांढरी चिकटपट्टी लावा आणि पेनाने खुणा करा: बंद, पाव, अर्धी, पाऊण, पूर्ण. मग गाडी फिरवून बघा, त्रास नेमका कुठल्या खुणेवर येतो. या गाडीच्या, मिकुनी कंपनीच्या व्हीएम जातीच्या कार्बोरेटरमध्ये पहिल्या पावापर्यंत स्लो जेट (जेट म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारा बारीक भोकाचा पितळी तुकडा), हवा कमी-जास्त करणारा एअर स्क्रू आणि मुठीबरोबर वर-खाली होणाऱ्या स्लाइडचा काप यांचं राज्य असतं, मधे स्लाइडला लटकलेल्या सुईचं, आणि शेवटच्या पावात मेन जेटचं. गाडी कितीच्या स्पीडला आहे याच्याशी जेटचं देणंघेणं नाही, मूठ किती पिळलीय याच्याशी आहे. तरी लोक काय करतात? पाव मुठीला गाडी अडखळते म्हणून मेन जेट बदलतात. दुखतं गुडघ्याला आणि चष्म्याचा नंबर बदलायचा!

आता माझीच फजिती सांगतो. मातीतल्या एका शर्यतीच्या आदल्या दिवशी एक पोरगा गाडी घेऊन आला. थंड असताना छान, गरम झाली की आयडलिंग आपोआप चढायचं, मूठ सोडली तरी रेझ (इंजिनाचा वेग) लवकर उतरायचा नाही. त्याआधी दोन ठिकाणी कार्बोरेटर उघडून झाला होता. कोणी स्लो जेट मोठा टाकलेला, कोणी सुईची क्लिप सगळ्यात खालच्या खाचेत नेलेली, म्हणजे पेट्रोल वाढवलेलं. एअर स्क्रू पूर्ण आवळलेला. आणि इतकं पेट्रोल पाजूनही प्लग पांढराफटक, म्हणजे पेट्रोल कमीच पडतंय. तिथेच माझी ट्यूब पेटायला हवी होती. हा एअर स्क्रू आवळला की मिश्रणात पेट्रोल वाढतं. तो बंद करूनही इंजिन उपाशी असेल, तर हवा भलत्याच दारातून आत येतेय, एवढं साधं गणित आहे. पण समोर कार्बोरेटर दिसला आणि मीही त्याच्यातच हात घातला. संध्याकाळचे तीन तास गेले. जॉइंटवर साबणाचं पाणी मारून बघितलं, आयडलिंग हललं नाही, म्हणजे तिथून हवा शिरत नव्हती. शेवटी वैतागून मॅग्नेटचं कव्हर उतरवलं, तर आत सगळं तेलकट ओलं. मॅग्नेट साइडचं क्रँक सील कडक होऊन फाटलं होतं. टू-स्ट्रोकमध्ये मिश्रण आधी क्रँककेसमध्येच ओढलं जातं, त्यामुळे तिथलं सील गेलं की कार्बोरेटरला वळसा घालून हवा आत घुसते. हेड-ब्लॉक काढून बघितलं, तर पिस्टनवर सायलेन्सरच्या बाजूला ओरखडे उमटायला लागलेच होते. त्या गाडीने दुसऱ्या दिवशी शर्यत केली असती, तर पहिल्या लांब सरळ पट्ट्यातच इंजिन जाम झालं असतं. पोरगा म्हणाला, "काका, उद्यापुरती चालवू का?" मी मॅग्नेट माझ्या खिशात ठेवला नाही एवढंच. शर्यत हुकली म्हणून तो महिनाभर माझ्याशी नीट बोलला नाही.

क्लच साइडचं सील फाटलं तर उलटी गंमत. इंजिन गिअर ऑइल पितं, पांढरा धूर थांबत नाही आणि मालक म्हणतो, टू-टी ऑइल (पेट्रोलबरोबर जळणारं इंजिनचं तेल) खराब आलंय.

दुसरी चूक, जिच्यावर माझं खरंच डोकं फिरतं: जेटमध्ये तार घालणं. वायरमधली तांब्याची तार, सेफ्टी पिन, एकाने तर गिटारची तार आणली होती. स्लो जेटचं भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक असतं आणि जेट पितळेचा, म्हणजे मऊ. त्यात स्टीलची तार फिरवली की भोक रुंद होतं किंवा त्याला ओरखडा पडतो. मग जेटवर कोरलेला नंबर उरतो फक्त वाचायला. आणि त्याच्या भरवशावर तुम्ही पुढचे आठ दिवस ट्यूनिंग करत बसता. मी जेट रात्रभर क्लीनरमध्ये बुडवून ठेवतो, सकाळी हवा मारतो आणि उजेडाकडे धरून बघतो. भोक गोल आणि स्वच्छ दिसलं नाही तर पुन्हा भिजत घालतो. घाई असेल तर नवा जेट घ्या, पण पितळेचं स्वस्त किट नको. त्यातले जेट नंबराला जागत नाहीत. बॉडीतल्या वाटांनाही एअर स्क्रू काढून हवा मारा. त्याआधी फ्लोट आणि रबरी ओ-रिंग बाजूला काढा. क्लीनरमध्ये रबर फुगतं.

जेट मुळात तुंबतो कशाने? उभ्या गाडीतल्या पेट्रोलने. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं. ते ओल धरतं, जुनं रबर खराब करतं, आणि वाटीत महिनाभर राहिलं की थर धरतो. त्यात जेट जुनाच ठेवला तर मिश्रण थोडं लीनही (हवा जास्त, पेट्रोल कमी) होतं. त्यामुळे आठवड्याहून जास्त गाडी उभी राहणार असली, की मी टाकीखालचा पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवतो.

चोक ओढून मूठ पिळत किक मारू नका. या कार्बोरेटरचा चोक स्लाइड बंद असतानाच पेट्रोल ओढतो. मूठ उघडली की चोक असून नसल्यासारखा.

ओव्हरफ्लो होतोय म्हणून वाटीला स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकणं हा इलाज नाही. वाटीत येणारं पेट्रोल अडवणाऱ्या फ्लोटच्या पिनच्या टोकाला चर पडलाय का बघा.

स्लाइड उलटी बसवलीत तर ती पूर्ण खाली येत नाही आणि पहिल्याच किकला इंजिन किंचाळतं. काप फिल्टरच्या बाजूला.

फिल्टर काढून टाकला की आवाज भारी येतो, मान्य. मातीत तीच धूळ पिस्टन आणि बोअर घासून खाते. या विषयावर मी वाद घालत नाही, बोअर करायचं बिल दाखवतो.

इंजिनाला आपोआप टू-टी ऑइल देणारा ऑइल पंप काढून टाकीतच तेल मिसळणाऱ्यांसाठी एक. "सेफ्टीला" म्हणून तेल दुप्पट ओतलं, तर त्याच जेटमधून पेट्रोल कमी जातं आणि गाडी लीन होते. मी लिटरला 40 मिली घालतो, मापाच्या बाटलीने. झाकणाने अंदाजे मोजणाऱ्या एकाला मी ती बाटली भेट दिली होती. परवा बघितलं, तर तो त्यात ब्रेक ऑइल ठेवतो.