मुलांचे स्टुडंट फायनान्स: उत्पन्न कोणाचे, कोणत्या वर्षाचे

मूल यीअर थर्टीनला, म्हणजे आपल्या बारावीला पोचले की इंग्लंडमधल्या प्रत्येक घरात स्टुडंट फायनान्सचा, म्हणजे उच्चशिक्षणासाठीच्या सरकारी कर्जाचा विषय निघतो. उत्पन्नाचे गणित मांडण्याआधी मुलाचा व्हिसा बघा. सप्टेंबरमध्ये सुरू होणाऱ्या कोर्ससाठी पहिल्या वर्षाच्या १ सप्टेंबरला मुलाकडे स्वतःचे आयएलआर (यूकेत कायम राहण्याची परवानगी) किंवा ब्रिटिश नागरिकत्व लागते, शिवाय त्याआधीची ३ वर्षे यूकेत वास्तव्य. फक्त आई-वडिलांचे आयएलआर झालेले चालत नाही. स्किल्ड वर्करच्या, म्हणजे पालकांच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या डिपेंडंट व्हिसावर साधारणपणे कर्ज मिळत नाही. अपवाद दीर्घ वास्तव्याचा: १८ वर्षांखालच्यांची इथे ७ वर्षे, मोठ्यांचे निम्मे आयुष्य किंवा २० वर्षे झालेली असली तर.

फीसाठीचे कर्ज घरच्या उत्पन्नावर ठरत नाही. उत्पन्न बघितले जाते ते राहण्या-खाण्याच्या मेंटेनन्स लोनसाठी. २०२५-२६ साठी लंडनबाहेर, घरापासून दूर राहणाऱ्याला जास्तीत जास्त १०,५४४ पौंड, लंडनमध्ये १३,७६२ आणि घरी राहणाऱ्याला ८,८७७. हे पूर्ण कर्ज उत्पन्न २५,००० पौंडांपर्यंत असले तरच. ही मर्यादा २००८ पासून हललेली नाही, त्यामुळे किमान वेतनावर पूर्णवेळ काम करणारे आई-वडीलही आज तिच्या बरेच पुढे जातात. हे अन्यायाचे आहे, पण हिशोब याच आकड्यावर होतो. त्यापुढच्या दर १०० पौंडांमागे कर्ज साधारण १५ पौंडांनी घटते. दोघांचे मिळून ४७,००० असेल तर लंडनबाहेर हातात सुमारे ७,२०० येतात. उरलेले सव्वातीन हजार घरातून जायचे आहेत, हे धरून चाला आणि हा हिशोब मांडण्याआधी हॉस्टेलचा करार करू नका.

आता हे उत्पन्न म्हणजे नेमके काय? बँकेत जमा होणारा पगार नव्हे, तर कर कापण्यापूर्वीचे करपात्र उत्पन्न. २०२५-२६ च्या अर्जाला २०२३-२४ च्या टॅक्स वर्षाचे आकडे लागतात. पी-६० वरचा, म्हणजे वर्षाअखेरीस कंपनी देते त्या पगार-कराच्या दाखल्यावरचा आकडा घ्या. पेन्शनची रक्कम पगारातूनच आधी वळती झाली असेल तर ती त्या आकड्यातून गेलेली असते, पुन्हा वजा करू नका. स्वतः वेगळी भरली असेल तरच वजा होते. कंपनीने दिलेली गाडी किंवा मेडिकल इन्शुरन्स पी-११डी वर (पगाराबाहेरच्या सोयींच्या दाखल्यावर) असतो, तो मिळवायचा. पुण्यातल्या फ्लॅटचे भाडे आणि एफडीचे व्याजही यात धरा. तिकडे टीडीएस कापला, म्हणून ते सुटत नाही. एनआरई खात्याचे (अनिवासी भारतीयांच्या भारतातल्या बँक खात्याचे) व्याज भारतात करमुक्त असले तरी यूकेत करपात्र असते, आणि नेमके हेच अनेकजण विसरतात.

या विद्यार्थ्याशिवाय तुमच्यावर अवलंबून असलेल्या प्रत्येक मुलामागे उत्पन्नातून १,१३० पौंड वजा होतात, म्हणजे कर्जात सुमारे १७० पौंडांची भर. धाकट्याचे नाव गाळू नका. विद्यार्थ्याने सुट्टीत किंवा शिकताना नोकरी करून मिळवलेले पैसे मोजत नाहीत, त्याच्या नावावरचे व्याज-भाडे मात्र मोजतात. आई-वडील विभक्त असतील तर मूल ज्यांच्याकडे राहते त्यांचे, आणि त्या घरात जोडीदार असेल तर त्याचेही उत्पन्न.

नोकरी गेली किंवा उत्पन्न १५ टक्के वा जास्त घसरले, तर चालू वर्षाच्या उत्पन्नावर फेरआकारणी मागता येते. अंदाज जपून द्या. वर्ष संपल्यावर खरे आकडे द्यावे लागतात, आणि ते वाढले तर जादा मिळालेली रक्कम परत मागतात.

अर्ज मूल भरते, पण पालकांनी स्वतःचे वेगळे खाते उघडून, नॅशनल इन्शुरन्स नंबर देऊन ते मुलाच्या अर्जाला जोडायचे असते. अनेक अर्ज इथेच अडकतात. पालकांचा भाग अपुरा राहिला की मुलाला फक्त किमान कर्ज मंजूर होते, २०२५-२६ साठी लंडनबाहेर, घरापासून दूर राहणाऱ्याला ४,९१५ पौंड. प्रवेश पक्का होण्याची वाट न बघता मे महिन्यापर्यंत अर्ज करा, आणि पुढे दरवर्षी उत्पन्न नव्याने कळवा.

स्कॉटलंड, वेल्स आणि नॉर्दर्न आयर्लंडचे नियम वेगळे आहेत, तिथे राहणाऱ्यांनी वरचे आकडे वापरू नयेत.