न्यूझीलंडमध्ये हरणं पाळायची? आधी नोंदींची तयारी

भारतात १९७२ चा वन्यजीव कायदा आहे, त्यामुळे हरीण पाळण्याचा विषयच संपतो. न्यूझीलंडमध्ये १९६९ पासून हरणांची शेती कायदेशीर आहे, म्हणून इथे थोडी जमीन घेतलेल्या आपल्या लोकांना वाटतं की कुंपण घातलं की झालं. कुंपणाचं मी सांगत बसत नाही. दोन मीटरच्या आसपास उंच जाळी लागते आणि ठेकेदाराला ते पाठ असतं. जमीन देशाच्या उत्तर टोकाला नॉर्थलंडमध्ये असेल तर मात्र सौदा करण्याआधी संवर्धन खात्याला विचारा. तिथे रानात हरणं वसू द्यायची नाहीत असं धोरण आहे, त्यामुळे वेगळा परवाना लागतो. इथे सहसा पाळतात त्या लाल हरणाऐवजी दुसरी जात मनात असेल तरीही आधी विचारा.

हरणं यायच्या आधी एनएआयटीमध्ये स्वतःचं नाव आणि जागा नोंदवा. गाईगुरं आणि हरणं यांचा माग ठेवणारी ही देशाची यंत्रणा. जनावरांची जबाबदारी ज्याच्यावर, त्याचं नाव लागतं. जमीन बायकोच्या नावावर आणि हरणं तुम्ही बघता, तर नाव तुमचं. गावाकडे गाईम्हशींच्या कानात पिवळा बिल्ला मारतात तसाच इथेही असतो, फक्त यात चिप असते. पाडस १८० दिवसांचं व्हायच्या आत बिल्ला मारायचा, आणि त्याआधीच ते शेताबाहेर जाणार असेल तर निघण्यापूर्वी. मारलेला बिल्ला आठवड्याच्या आत ऑनलाइन नोंदवायचा. बहुतेक जण इथपर्यंत नीट करतात.

आता पुढचं नीट वाचा. हरीण तुमच्या शेतातून दुसऱ्या शेतावर गेलं की ४८ तासांत ती हालचाल नोंदवायची. पाठवणाऱ्याने नोंदवायची आणि घेणाऱ्यानेही पक्की करायची. विकलं तरच, असं नाही. शेजाऱ्याच्या कुरणावर दोन महिने फुकट चरायला सोडलं तरी नोंद. परत आणलं की पुन्हा नोंद. मी गेल्या वेळी नेमकं हेच विसरलो होतो, कारण पैशाचा व्यवहार नव्हता आणि मध्ये एकच रस्ता होता. रस्त्याचा प्रश्न नाही, शेजाऱ्याच्या जागेचा एनएआयटीतला क्रमांक वेगळा आहे! मान्यताप्राप्त बाजार किंवा कत्तलखान्यात पाठवलं तर ते लोक नोंद करतात, त्यामुळे आपल्याला सवय लागते की कोणीतरी करेलच. खाजगी देवघेवीत कोणी करत नाही. गाडीचं दार लावलं की फोन काढा आणि तिथेच उभं राहून नोंदवा. संध्याकाळी करू म्हटलंत की राहिलं. मेलेलं किंवा हरवलेलं हरीणही कळवायचं असतं.

हे एवढं का, असं विचारू नका. २०१७ मध्ये गाईंमध्ये मायकोप्लाझ्मा बोव्हिस हा रोगजंतू सापडला तेव्हा नोंदी अर्धवट असल्याने कुठलं जनावर कुठून आलं ते शोधताना सगळ्यांच्या नाकी नऊ आले. तेव्हापासून नोंद चुकली की पूर्वीसारखं समजून घेत नाहीत, दंड लावतात.

हरणांसोबत जनावराच्या स्थितीचं घोषणापत्रही द्यायचं, त्यात क्षयाची माहिती असते. इथे क्षय पसरवण्यात पॉसमचा, म्हणजे झाडांवर राहणाऱ्या मांजराएवढ्या रानटी प्राण्याचा मोठा हात. तुमचा भाग हालचाल-नियंत्रणात, म्हणजे क्षयाच्या धोक्यामुळे जनावरं हलवण्यावर निर्बंध असलेल्या भागात येत असेल तर हलवण्याआधीच्या ६० दिवसांत क्षयाची चाचणी झालेली हवी. पशुवैद्याची वेळ आधी घ्या, ऐन हंगामात मिळत नाही. आणि हो, चाचणी झाली, घोषणापत्र दिलं म्हणजे ४८ तासांची नोंद झाली असं नाही. ती वेगळी. ती करा.

मखमली शिंगं, म्हणजे वाढत असलेली मऊ, लव असलेली शिंगं, स्वतः कापायचा विचार असेल तर थांबा. जिवंत ऊती आहे ती, भूल देऊनच कापायची, आणि कापणारा एकतर पशुवैद्य नाहीतर प्रशिक्षण घेऊन प्रमाणपत्र मिळवलेला शेतकरी. पहिल्या वर्षी पशुवैद्यालाच बोलवा. शिंगांनाही वेगळा टॅग लागतो.

बाकी किरकोळ. औषधांची वही ठेवा. हरणं पाण्यात लोळून ओढा गढूळ करतात, त्याबद्दल प्रादेशिक परिषदेचा नियम बघून ठेवा. कडक शिंगांचा नर इतरांबरोबर गाडीत घालू नका. जागा भाड्याने दिलीत तर जबाबदार माणसाचं नाव बदला. आणि शेजाऱ्याकडे सध्या तुमची हरणं चरत असतील तर एनएआयटी उघडून नोंद आहे का बघा. आत्ताच.